अनोळखी खाडीच्या मुखाशी

मुंबई बेटावर राहणाऱ्या माणसाला समुद्र परका नसतो, असे आम्हांस फार वर्षे वाटत होते. गिरगावच्या चौपाटीवर संध्याकाळी पाय ओले करावेत, दादरच्या किनाऱ्यावरून सूर्यास्त पाहावा, भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून रेवसला जावे. एवढ्या भांडवलावर आपण दर्यावर्दी झालो, असा समज करून घेणे सोपे असते. आमचा हा समज काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यातल्या एका सायंकाळी रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी वाळूत रुतला. त्या रुतण्यातून जो प्रश्न आमच्या मनात उभा राहिला, तो वाचकांपुढे ठेवावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच. प्रश्न असा : जी वाट आपणांस ठाऊक नाही, तिच्यावर दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून निघताना आपली जबाबदारी कुठे संपते? आणि तो शब्द देणाऱ्याची कुठे सुरू होते?

आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाच्या धाकट्या सुनेचे माहेर कोर्लईचे. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे उत्तरेस रेवदंडा आणि दक्षिणेस कोर्लईचा डोंगर व त्यावरील किल्ला, अशी ती रचना आहे. त्या डोंगराच्या पायथ्याच्या गावात आपले कॅथलिक बांधव राहतात. पोर्तुगिजांची चौलवरची सत्ता १७४० मध्ये संपली. परंतु त्यांच्या भाषेतून जन्मलेली एक बोली या गावाने आजतागायत घरात आणि होडीत जपून ठेवली आहे. त्या माहेरी एका विवाहासाठी जायचे होते. घरातील थोरल्या मुलाला होड्यांचा नाद. त्याने एका मित्राची छोटी यांत्रिक होडी मागून आणली आणि "फादर, या वेळी रस्त्याने नको, समुद्रातून जाऊ" असा आग्रह धरला. आम्हीही मोह आवरला नाही.

गेटवेजवळून निघालो तेव्हा सारे काही ओळखीचे होते. कुलाब्याच्या दक्षिणेस खडकांवर १८७५ पासून उभे असलेले प्राँग्जचे दीपगृह दिसले. पुढे खांदेरीचे दिसले, तेही १८६७ पासूनचे. मोठ्या जहाजांच्या वाटेवर दोन्ही अंगांना बोये तरंगत होते. बंदरात शिरताना डाव्या हाताला लाल आणि उजव्या हाताला हिरवा, बाहेर पडताना त्याच्या उलट, हे त्या मुलाने आम्हांस समजावून सांगितले. आखलेल्या वाटेवर माणूस किती निर्धास्त असतो! लाल कुठे, हिरवा कुठे एवढे ओळखता आले की झाले.

अलिबाग मागे पडले, चौलचा किनारा मागे पडला. खाडीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि ओहोटी चालू होती. समोर पाणी सगळीकडे सारखेच दिसत होते. मुलाजवळच्या यंत्राच्या पडद्यावर खोलीचे आकडे होते व त्यांप्रमाणे सरळ जाण्यास हरकत नव्हती. तेवढ्यात दूर एका लहान होडीतून एक म्हातारा कोळी हात हलवून काहीतरी ओरडू लागला. मुलगा गोंधळला. त्याने आमच्याकडे पाहिले. "फादर, तुम्हीच सांगा. जाऊ का सरळ?"

आम्हांला त्या खाडीची काडीइतकीही माहिती नव्हती. तरी आम्ही म्हणालो, "देवाचे नाव घे आणि चल."

त्याच क्षणी ती धाकटी सून हळूच म्हणाली होती, "दादा, तो काका वळसा घालून या म्हणतोय." त्या म्हाताऱ्याचे शब्द तिच्या माहेरच्या बोलीतले होते आणि होडीत तिच्याशिवाय कोणालाच ते कळत नव्हते. परंतु फादर बोलून चुकले होते. फादरांच्या पुढे सुनेचा शब्द कोण धरणार? दोनच मिनिटांत होडीचा तळ वाळूला घासला, इंजिन कण्हले आणि आम्ही जागच्या जागी बसलो.

जीवावर बेतले नाही, ही परमेश्वराची कृपा. ओहोटी संपायला दीड तास होता, आणि पाणी पुन्हा तेवढे चढायला आणखी तेवढाच वेळ लागणार होता. ते तीन तास आम्ही कलत्या होडीत काढले. सहा वर्षांची नात भेदरून आईला बिलगली होती. थोड्या वेळाने तिने आम्हांला विचारले, "फादर, देवाला वाट माहीत नव्हती का?" आम्ही म्हणालो, "देवाला माहीत होती, बाळ. फादरला नव्हती." आमच्या पौरोहित्याच्या आयुष्यात याहून खरे वाक्य आम्ही क्वचितच उच्चारले असेल.

अंधार पडल्यावर पाणी चढले. तोच म्हातारा आपल्या होडीत बॅटरी लावून आला, पुढे झाला आणि त्या उजेडामागून आम्ही धक्क्याला लागलो. त्याने पैसे घेतले नाहीत, आणि "मी सांगत होतो" असेही म्हटले नाही. धक्क्यावर दोरी बांधता बांधता त्याने एवढेच समजावले की खाडीच्या तोंडची वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते; कागदावरचा आकडा ज्या वर्षी मोजला त्या वर्षापुरता खरा. मग दरसाल वाट कशी ओळखता, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरायच्या. एक पुढची, एक मागची. दोन्ही एकीमागे एक दिसत राहिल्या तर आपण वाटेवर. एक सरकली, तर वाट सुटली. आणि पावसाळा संपला की पाणी चाचपून खुणा नव्याने ठरवायच्या.

या दोन खुणांवर आम्ही पुढे पुष्कळ विचार केला. एकच खूण धरली तर काय होते? होडीचे नाक त्या खुणेकडेच राहते, आणि प्रवाह तिला कडेला नेत असतो. नावाड्याला वाटते, आपण लक्ष्याकडेच चाललो आहोत. नाक खरोखर तिकडेच असते. वाट मात्र केव्हाच सुटलेली असते. मागची दुसरी खूण असल्यावाचून हे वाहवणे कळत नाही. संसारातही असेच नाही का घडत? 'मुलांचे भले' ही खूण डोळ्यांपुढे ठेवून एखादा भाऊ आपल्या बहिणीचा हिस्सा बुडवतो, आणि त्याचे नाक अखेरपर्यंत मुलांच्या भल्याकडेच असते. सद्हेतू ही एक खूण झाली. ज्याच्यावर आपल्या कृत्याचा भार पडतो, त्याचे म्हणणे ही दुसरी. दोन्ही एका रेषेत नसतील तर हेतू कितीही शुद्ध असो, होडी वाळूकडेच जाते. आमच्या होडीत दुसरी खूण हजर होती. ती खालच्या आवाजात बोलत होती, एवढेच.

कोणी म्हणेल, हा सारा अनोळखी पाण्याचा दोष. तसे नाही. १७ जुलै १९४७ रोजी 'रामदास' ही आगबोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. ती वाट रोजची होती. तरीही काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांत ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. गिरगाव-परळच्या चाळींतून जुनी माणसे कित्येक वर्षे ती आठवण सांगत असत. ओळखीचे पाणीही दरदिवशी नव्याने विचारावे लागते. मग अनोळखी पाण्याची काय कथा!

या संदर्भात संत पौलाचा रोमकडचा सागरप्रवास आठवतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात तो वर्णिला आहे. हिवाळा तोंडावर आला होता. पुढे जाणे धोक्याचे आहे, असे पौलाने सांगितले. शताधिपतीने त्याच्यापेक्षा तांडेलाचे व जहाजाच्या मालकाचे ऐकले. यात वरवर पाहता शताधिपतीचे काय चुकले? कैदी असलेल्या, तंबू विणणाऱ्या माणसापेक्षा त्याने जाणकारांवर विश्वास ठेवला. परंतु ते बंदर हिवाळा काढण्यास गैरसोयीचे होते, आणि पुढे जावे असे बहुतेकांच्या मनात आधीच होते. जाणकारांनी तेच सांगितले, जे सर्वांना ऐकायचे होते. पुष्कळदा सल्ला विचारणारा सल्ला शोधतच नसतो. तो आपल्या इच्छेवर शिक्का शोधत असतो. आमच्या होडीतल्या मुलालाही सरळच जायचे होते, आणि आम्ही शिक्का मारला.

पुढे वादळाने चौदा दिवस त्या जहाजाचे हाल केले. मध्यरात्री खलाशांना जमीन जवळ आल्याची शंका आली. त्यांनी बुडीद टाकून पाहिले : वीस वाव पाणी. थोडे पुढे जाऊन पुन्हा पाहिले : पंधरा वाव. तेव्हा त्यांनी मागच्या बाजूने चार नांगर टाकले आणि दिवस उजाडावा म्हणून प्रार्थना केली. उजाडल्यावर ती जमीन कोणालाच ओळखता आली नाही. फक्त वाळूचा किनारा असलेली एक खाडी दिसली. तिथे जहाज रुतले आणि फुटले, परंतु दोनशे शहात्तर जणांतले एकही माणूस दगावले नाही. आम्ही सेमिनरीत हा अध्याय अभ्यासला, त्यावर प्रवचनेही दिली. पण त्या नांगरांकडे आमचे लक्ष रेवदंड्यानंतर गेले. खलाशांनी प्रार्थना केली खरी, पण आधी पाणी मोजले आणि नांगर टाकले. पाणी न मोजता देवाचे नाव घेण्याला आम्ही त्या दिवशी श्रद्धा म्हटले होते; ती आमची अज्ञान झाकण्याची रीत होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठी जहाजे बंदरात शिरताना त्या पाण्याचा माहीतगार पायलट जहाजावर चढतो आणि वाट दाखवतो. तरीही सर्वसाधारण नियम असा की कप्तानाची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. जहाज त्याचेच राहते. पायलट उघडपणे चुकत असेल तर त्याला थांबवणे हेही कप्तानाचेच काम. आम्हांस हा नियम नीतिशास्त्राच्या अनेक पानांहून स्पष्ट वाटतो. सदसद्विवेकबुद्धी ही प्रत्येकाच्या जहाजावरील कप्तान आहे; ती दुसऱ्याला उसनी देता येत नाही. "फादरांनी सांगितले म्हणून केले" हे उत्तर देवापुढे अपुरे पडेल. आणि "निर्णय तुमचा होता, मी फक्त बोललो" हे आमचे उत्तरही तितकेच अपुरे पडेल. जबाबदारी भाकरीसारखी अर्धी अर्धी होत नाही. ती दोघांवरही पुरी पडते.

हे लिहिताना लालबागच्या एका घराची आठवण आम्हांला टोचते. चाळीच्या पुनर्विकासाच्या कागदांवर सही करावी की नाही, हे विचारायला ते दांपत्य आले होते. घाईत होतो, "सगळे करताहेत, तुम्हीही करा" असे आम्ही म्हणालो. काम रखडले, भाड्याचे पैसे येणे थांबले, आणि ते कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याच्या खोल्या बदलत राहिले. त्यांनी आम्हांला कधी दोष दिला नाही. त्या म्हाताऱ्या कोळ्याप्रमाणेच ते गप्प राहिले, आणि ते गप्प राहणेच आम्हांला अधिक जड जाते. रेवदंड्याहून परतल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. गृहिणी म्हणाल्या, "फादर, तुम्ही 'मला कळत नाही' म्हणाला असतात, तर आम्ही वकिलाकडे गेलो असतो."

मग धर्मगुरूने मौन पाळावे काय? प्रत्येक प्रश्नाला "मला माहीत नाही" म्हणणे हीही एक पळवाटच. जहाज फुटण्याच्या बेतात असताना छोटी होडी सोडून पळू पाहणारे खलाशी पौलाच्या कथेत आहेतच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात प्रापंचिकांना बजावले आहे की आपले धर्मगुरू प्रत्येक प्रश्नावर तयार तोडगा देण्याइतके तज्ज्ञ असतात, अशी कल्पना करून घेऊ नये. त्यांच्याकडून प्रकाश आणि बळ जरूर घ्यावे. दीपगृह नेमके हेच करते. ते आपल्या जागेवरून ढळत नाही, आणि खडक कुठे आहे ते रात्रभर सांगत राहते. पण कोणाचे सुकाणू हातात घेत नाही. खोटे बोलू नका, दुबळ्याला लुबाडू नका, दिलेला शब्द पाळा, हे आम्ही ठामपणे सांगितलेच पाहिजे. कोणत्या कागदावर सही करावी, कोणती शस्त्रक्रिया करावी, हे सांगताना मात्र त्या पाण्याचा माहीतगार शोधून द्यावा आणि होडीत सोबत बसावे.

आताशा कोणी सल्ल्यासाठी आले की आम्ही आधी विचारतो : घरात याविषयी कोणाला माहिती आहे? आणि ज्याच्यावर भार पडणार, तो काय म्हणतो? पुष्कळदा असे दिसते की उत्तर घरातच कोणीतरी हळू आवाजात देऊन झालेले असते. सून, आजी, कधी शाळकरी मुलगा. आमच्या एका शब्दाने तो आवाज बुडू नये, एवढी काळजी आम्ही घेतो. तरीही उत्तर सापडले नाही, तर रात्रीपुरते नांगर टाकून उजाडण्याची वाट पाहावी, असे सुचवतो.

कोर्लईच्या त्या धाकट्या सुनेची आम्ही विवाहाच्या दिवशी सर्वांसमक्ष क्षमा मागितली. ती लाजून हसली. परतीच्या वेळी खाडीतून बाहेर पडताना तिच्या दिराने तिला होडीत पुढे बसवले, आणि दर वळणावर तिलाच विचारले.