दुखणे एक, दैवते अनेक



काही वर्षांपूर्वी संस्थानच्या देणगी कक्षात एक वयस्कर माउली नातवाला घेऊन आल्या होत्या. मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला होता. त्या काळजीच्या दिवसांत त्यांनी तीन ठिकाणी नवस बोलले होते : कुलस्वामिनीला, गावच्या ग्रामदैवताला आणि येथील श्रींना. मी पावती लिहीत असता त्यांनी विचारले, “साहेब, लेकराला नेमकं बरं कुणी केलं? एकाचं श्रेय दुसऱ्याला दिलं, तर तिसरा कोपायचा नाही ना?” “सर्व देव एकच आहेत,” असे ठरावीक उत्तर मी दिले. त्या लगेच म्हणाल्या, “एकच आहेत, तर नवस तीन ठिकाणी कशाला फेडायचे?” मला उत्तर सुचले नाही. त्या पावती घेऊन गेल्या. मनातील भीतीही तशीच घेऊन गेल्या. ती रुखरुख मला पुढे पुष्कळ दिवस राहिली. पुढील विवेचन त्यातूनच झाले आहे.

आरोग्याचे क्षेत्र आपल्या परंपरेत कोणा एका देवाच्या नावे कधीच नव्हते. ऋग्वेदात अश्विनीकुमार देवांचे वैद्य आहेत. युद्धात पाय गमावलेल्या विश्पलेला त्यांनी लोखंडी पाय बसविला, असे तेथे वर्णन आहे. त्याच ग्रंथात रुद्राला वैद्यांमधील श्रेष्ठ वैद्य म्हटले आहे आणि वरुणाजवळ शेकडो औषधे असल्याचे सांगितले आहे. सोम हा वनस्पतींचा राजा. पुराणांत समुद्रमंथनातून अमृतकलश घेऊन धन्वंतरी प्रकटले. आपल्या मराठी मुलखात परळीला वैद्यनाथ आहे आणि घरोघरी शीतलादेवीची सप्तमी पाळली जाते. इतक्या जणांचा अधिकार एकाच ठिकाणी कसा नांदतो?

निरुक्तकार यास्काचार्यांपुढे हाच प्रश्न होता. त्यांनी दोन पक्ष मांडले आहेत. पहिल्या पक्षाप्रमाणे पृथ्वीवर अग्नी, अंतरिक्षात वायू किंवा इंद्र आणि द्युलोकात सूर्य, अशा तीनच देवता आहेत. कार्ये अनेक असल्याने नावे अनेक झाली. एकच पुरोहित निरनिराळ्या कर्मांमुळे होता, अध्वर्यू, उद्गाता अशा नावांनी ओळखला जावा, तसे हे आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, स्तुती वेगळी आणि नाव वेगळे, तेव्हा देवताही वेगळीच. यास्कांनी या वादात सुचविलेला मेळ मला फार मोलाचा वाटतो. माणसे अनेक असतात आणि राष्ट्र एक असते. देवांचेही तसेच समजावे, असे ते म्हणतात. पृथ्वीचा उपभोग पर्जन्य, वारा आणि सूर्य मिळून घेतात, हा त्यांचाच दाखला. शेतकरी हे रोज पाहतो. कणसात दाणा भरला, तो पावसाने की उन्हाने, याची वाटणी त्याला करता येत नाही आणि करण्याची गरजही पडत नाही. जमिनीला बांध असतो, तसा देवांच्या अधिकाराला नसतो.

मग नवस तीन ठिकाणी का फेडायचे? येथे पूर्वमीमांसेचा विचार उपयोगी पडतो. ज्या नावाने आहुती द्यायची, तीच त्या कर्माची देवता, असे मीमांसक मानतात. इंद्र आणि महेंद्र यांनाही ते विधीच्या दृष्टीने वेगळे धरतात. नवसाबाबत मी यावरून एवढाच बोध घेतो की, ज्या नावाने शब्द दिला, त्या नावाने तो पाळावा. देव वेगळे आहेत की एकच, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे. दिलेला शब्द मात्र आपला आहे.

राहता राहिली कोपाची भीती. देवांमध्ये हेवा नसतोच, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. महाभारताच्या वनपर्वात कथा आहे. अश्विनीकुमारांनी च्यवन ऋषींना तारुण्य दिले. त्याची उतराई म्हणून शर्यातीच्या यज्ञात च्यवन त्यांना सोमरसाचा भाग देऊ लागले. इंद्राने हरकत घेतली : हे तर वैद्य, माणसांत हिंडणारे, यांना सोमाचा अधिकार कसला? च्यवनांनी इंद्राचा वज्र उगारलेला हात तसाच खिळवून ठेवला आणि शेवटी इंद्राला अश्विनींचा भाग मान्य करावा लागला. आजाऱ्यांत वावरणाऱ्यांना हलके लेखणारा देवराज असला, तरी कथेने त्याची बाजू घेतलेली नाही. कृतज्ञ माणसाच्या हातून वाटला जाणारा भाग अडविण्याचा हक्क कथेने कोणालाच दिलेला नाही.

या वाटणीत माणसाच्या हातांनाही जागा आहे. आपल्या भाषेत ‘देवी’ हे आराध्येचे नाव, त्या भयंकर रोगाचेही नाव. आणि लस टोचणे म्हणजेही ‘देवी काढणे’. माझ्या पिढीतील अनेकांच्या दंडावर तो व्रण आजही आहे. देवी रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. शीतला सप्तमी मात्र चालूच आहे. डॉक्टरांचे औषध घेतल्याने देवाचा भाग कमी होत नाही, आणि देवाला हात जोडल्याने औषधही टाळता येत नाही.

त्या माउली पुन्हा भेटल्या, तर आता मी एवढेच सांगेन : आई, बरे कोणी केले याचा हिशेब आपण ठेवू नये. तिन्ही ठिकाणी शब्द दिला आहे, तर सवडीने, ऐपतीप्रमाणे तिन्हीकडे जाऊन यावे. आमच्याकडे शेवटी आलात तरी चालेल. नातू ज्यांच्या औषधाने उठला, त्यांनाही एकदा नमस्कार सांगावा. देणगी भीतीपोटी देऊ नये; आनंदाने दिलेले फूलही श्रींना पोहोचते.

आपणा सर्वांस श्रीकृपेने उत्तम आरोग्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना.

– सचिव, संस्थान कार्यालय