उघड्यावरचं काम

शेतकऱ्याच्या कामाला आडोसा नसतो. सुताराचा एखादा नग बिघडला तर तो फळीमागं टाकता येतो. आमची पेरणी बिघडली तर ती चार महिने रस्त्याकडेला उभी असते. पाभर जरा वाकडी गेली की बांधावरनं जाणारा म्हणणारच, "पाव्हणं, काकरी चुकली बरं का!"

म्हणून एखादा नामांकित वयोवृद्ध चित्रकार आपली काम करायची खोली लोकांना खुली करतो असं वाचलं, की मी विचारात पडतो. पुरं झालेलं चित्र भिंतीला लावणं निराळं आणि खरडलेलं, फसलेलं दाखवणं निराळं. त्याच्यावर कुणाची जबरदस्ती नसते. मग कशाला दाखवतो?

चित्रं छापणाऱ्याच्या खोलीत हा प्रश्न जास्तच टोचतो. आमच्या सोलापूरच्या चादरीवरचा मोर जेकार्डच्या पत्त्यांत एकदा भरला की शेकडो चादरींवर उतरतो. त्यातली अस्सल कुठली? सगळ्याच. मुद्राचित्राचंही तसंच. तांब्या-जस्ताच्या पत्र्यावर आकृती कोरायची, शाई भरायची, ओला कागद ठेवून दाबयंत्रातनं काढायचा. खाली पेन्सिलीनं ७/५० असं लिहिलं, की पन्नासातला सातवा ठसा. तो मुंबईच्या घरात टांगला काय आन पंढरपुरात टांगला काय, सारखाच. पण तिथवर येईपर्यंत किती कागद वाया गेले, शाई कुठं फाजील झाली, हे त्या ठशावर दिसत नाही. ते खोलीतच दिसतं.

मकबूल फिदा हुसेन आमच्याच जिल्ह्यातले, पंढरपुरात 1915 साली जन्मलेले. उमेदीच्या काळात मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून त्यांनी पोट भरलं. पुढं जगभर नाव झालं, चित्रांचे ठसेही निघाले. तरी लोकांसमोर रंगवायची हौस गेली नाही. 1992 साली कोलकात्यात त्यांनी लोकांदेखत सहा दिवस देवींची चित्रं काढली आणि शेवटी त्यांच्यावर पांढरा रंग फिरवला. दहा दिवस पूजलेला गणपती आपण पाण्यात सोडतो, तसंच. विकायला, टांगायला काही उरलं नाही. ज्यांनी उभं राहून बघितलं, त्यांच्याकडंच ते राहिलं.

मला उत्तर इथं सापडतं. माल विकत देता येतो. मेहनत दाखवावीच लागते. बाजारात भाकरीच्या ज्वारीचा भाव विचारणाऱ्याला थंडीतली राखण दिसत नाही. चित्र घेणाऱ्यालाही फसलेला कागद दिसत नाही. न दिसलेल्या कष्टाची किंमत माणूस करत नाही, यात त्याचा दोष थोडाच.

पण दार उघडलं की येणारा कोण हे आपल्या हातात राहत नाही. हुसेन यांच्या काही चित्रांनी माणसं दुखावली, हेही खरं. दुखावलेल्यानं बोलावं, भांडावं, कोर्टात जावं. पण 1998 साली त्यांच्या मुंबईच्या घरात जमाव घुसला आणि मोडतोड झाली. 2006 साली त्यांनी देश सोडला तो सोडलाच. 2011 साली लंडनमध्ये गेले. पंढरीत जन्मलेल्या माणसाची माती परदेशात झाली.

तेव्हा दार उघडणाऱ्याचा धर्म जसा आहे, तसा उंबरा ओलांडणाऱ्याचाही आहे. कुणी आपलं अर्धवट काम समोर ठेवतो तेव्हा तो आपल्याला न्यायाधीश नेमत नाही, पाव्हणा म्हणून बोलावतो. पाव्हण्यानं घरात खोट दिसली तर घरच्याला समोर बसून सांगावी. पटलं नाही तर चहा पिऊन निघावं. भांडी फोडू नयेत. एवढं जमलं तरच म्हातारी माणसं दारं उघडी ठेवतील आणि मागनं येणाऱ्या पोरांना कळेल, की चांगलं काम आभाळातनं पडत नाही; ते वाया गेलेल्या कागदांच्या ढिगावर उभं असतं.