माणूस कोणत्या खात्याचा?



सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात दोष शोधण्याची रीत शिकवली जाई ती अशी : कृत्य कोणते, करणारा कोण, हेतू काय. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवाडा सोपा. पण काही अन्याय असे असतात की त्यांत कृत्य सापडत नाही, करणारा सापडत नाही आणि हेतू तर सर्वांचाच चांगला असतो.

समजा, मनोरुग्णालयात काही वर्षे काढलेला एक माणूस बरा झाला आहे. डॉक्टर म्हणतात, औषधे चालू ठेव, आता इथे राहण्याची गरज नाही. ते खरेच आहे. खोली बघायला गेला तर मालक विचारतो, उत्पन्न काय, जामीन कोण? त्याचेही चुकत नाही. संजय गांधी निराधार अनुदानासाठी अर्ज करावा तर रहिवासाचा दाखला लागतो. नियम आहे. आता घर नाही म्हणून दाखला नाही, दाखला नाही म्हणून अनुदान नाही, आणि अनुदान नाही म्हणून घर नाही. गोळ्या संपतात. थोड्याच महिन्यांत तो पुन्हा त्याच वॉर्डात, नाहीतर स्टेशनच्या पुलाखाली. तिघांनी आपापले काम चोख केले. मग चुकले कोण?

"कोणीच नाही" हे उत्तर सोयीचे आहे, पण मला ते पटत नाही. मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्याचीही कबुली देतो, ती उगाच नव्हे. आपल्या टेबलावरचा कागद पूर्ण झाला म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. पुढच्याच्या हाती माणूस नीट सोपवणे हा त्याच कामाचा भाग आहे. रुग्णाला दारापर्यंत पोहोचवून दार बंद करणे याला सोपवणे म्हणत नाहीत.

निवारा, उपचार आणि आधार ही तीन खाती माणसाने सोयीसाठी पाडली. माणूस मात्र एकच असतो. हे सगळे एकत्र कसे चालू शकते, याचे एक जुने उदाहरण बेल्जियममध्ये आहे. गील नावाच्या गावी संत डिम्फना हिचे मंदिर आहे. वेडाच्या झटक्यात असलेल्या बापाच्या हातून ही आयरिश राजकन्या तिथे मारली गेली अशी आख्यायिका आहे, आणि म्हणून मनोरुग्णांना घेऊन लोक दूरदूरहून तिथे येऊ लागले. १४८० साली मंदिराला लागून रुग्णांसाठी जागा बांधली, तीही पुरेना. तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. काही जण बरे होऊन गेले, काही जन्मभर राहिले. गावात त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, 'पेइंग गेस्ट' म्हणावे तसा शब्द वापरतात.

हे नुसत्या दयाबुद्धीवर चालले असे मात्र समजू नये. कुटुंबांना पैसे मिळत आणि आजही मिळतात. पूर्वी शेतावर आयते हातही मिळत, आणि त्या कामात सर्वांनाच न्याय मिळाला असेल असे मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शासनाने व्यवस्था हाती घेतली, १८६२ मध्ये इस्पितळ उभे राहिले, आणि तेव्हापासून घर आणि इस्पितळ एकमेकांना धरून आहेत. परिचारिका घरी येऊन चौकशी करते. आजार उसळला तर इस्पितळात खाट मिळते, आणि ओसरला की माणूस आपल्या त्याच घरी परततो. १९३८ मध्ये असे साडेतीन हजारांहून अधिक लोक गावात राहत होते. आज ती संख्या दोनशेचाही पल्ला गाठत नाही. शेती गेली, बायका नोकरीला लागल्या, औषधे सुधारली. तरी २०२३ मध्ये युनेस्कोने या परंपरेची दखल घेतली.

मला यातली एक बाब फार महत्त्वाची वाटते. आजाराचे नाव काय, हे यजमान कुटुंबाला सहसा सांगत नाहीत. सहकार्य म्हटले की आपल्याला वाटते सर्वांनी सर्व कागद सर्वांना दाखवावेत. तसे झाले तर त्या माणसाची अब्रू चार कचेऱ्यांत फिरत राहील. गीलमध्ये डॉक्टरला आजार माहीत असतो, घरच्यांना माणूस. २०१६ साली एका अमेरिकन रेडिओ कार्यक्रमात तिथली एक हकिकत सांगितली होती. एक पाहुणा रोज सदऱ्याची बटणे पिळून पिळून तोडायचा आणि घरची बाई रोज रात्री ती शिवायची. कोणीतरी सुचवले, मासे धरायच्या दोऱ्याने शिवा, तुटणार नाहीत. तिने नकार दिला. बटणे पिळणे ही त्याची गरज आहे, हे तिला कळले होते. असले ज्ञान कुठल्या फाइलीत नसते. म्हणून अशा बाईचे म्हणणे डॉक्टरने ऐकून घेणे, हे मी सहकार्याचे पहिले लक्षण मानतो. अधिकाऱ्यांच्या बैठका त्यानंतर.

आता आपल्याकडे पाहू. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. कुटुंब नाही, घर नाही किंवा घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणासाठी कोणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे त्याचे एकोणिसावे कलम सांगते. बाहेर राहण्यासाठी निवाऱ्याची सोयही शासनाने करायची आहे. कायदा उत्तम आहे. पण ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या शासकीय मनोरुग्णालयांतून बरे झालेल्यांना जायचे असते ते कायद्याच्या पुस्तकात नव्हे, कोणाच्या तरी खोलीत. आणि खोल्या शासनाकडे कमी, आपल्याकडे अधिक आहेत. आपल्या धर्मग्रामात घरामागे दोन-चार खोल्या काढून भाड्याने देणारे थोडे नाहीत.

अशा भाडेकरूचा विषय निघाला की मालक एक प्रश्न हमखास विचारतात : "फादर, रात्री-अपरात्री त्याला काही झाले तर मी कोणाला बोलवायचे?" काहींना हा पळ काढण्याचा बहाणा वाटतो. मला तो अगदी रास्त प्रश्न वाटतो. ज्याच्याकडे आपण घर मागतो त्याला एकटे पाडणे हाही अन्यायच. गीलमधल्या कुटुंबाला या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा 'टेलि-मानस'चा फोन आहे. तो विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतही बोलतात. क्रमांक लिहून ठेवावा. पण फोनवर आवाज येतो, दाराशी माणूस येत नाही.

तो माणूस आपल्यातलाच असू शकतो. पेन्शनीत निघालेल्या परिचारिका आपल्याकडे बऱ्याच आहेत. तहसील कचेरीत नोकरी केलेले आणि कोणता दाखला कोणत्या खिडकीवर मिळतो हे तोंडपाठ असलेलेही आहेत. खोल्यावाले तर आहेतच. हे तिघे दर रविवारी एकाच मंदिरात बसतात, पण या विषयावर एकमेकांशी कधी बोललेले नाहीत. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर यांच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी ऑफिसात थांबावे. चहाची सोय आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू