प्रामाण्य कोणाचे मानावे?

धम्मदीक्षा घेतली म्हणजे घरातील देव्हारा रिकामा होतो. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा येते, बावीस प्रतिज्ञा पाठ होतात, मुले त्रिसरण-पंचशील म्हणू लागतात. हे सर्व चांगलेच आहे. परंतु एक प्रश्न देव्हाऱ्याबरोबर घराबाहेर जात नाही. खरे काय आणि खोटे काय, हे कोणाच्या शब्दावर ठरवायचे? पूर्वी ते भटजी, पोथी आणि अंगात येणारा भगत ठरवीत होते. आता कोणी ठरवायचे?

हा प्रश्न केवळ धर्माचा नाही. संगणकासाठी प्रोग्राम लिहिणारे लोक गेली पन्नास वर्षे याच प्रश्नावर वाद करीत आहेत. त्यांतील पुष्कळजण अमेरिकेत आणि युरोपात, ख्रिस्ती संस्कारांच्या वातावरणात वाढलेले. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात चर्च, कॅथेड्रल, संत असे शब्द सहज येतात. त्यांचा वाद नीट समजून घेतला तर आपण स्वीकारलेल्या धम्माचे मोल अधिक कळते. म्हणून तो येथे मांडीत आहे.

प्रथम ख्रिस्ती धर्मातील अधिकाराची कल्पना पाहू. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू आपल्या पेत्र नावाच्या शिष्याला स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या देऊ करतो. पोप हा त्या पेत्राचा वारस, असे रोमन कॅथलिक चर्च मानते. १८७० साली व्हॅटिकनच्या धर्मपरिषदेने असे जाहीर केले की, श्रद्धा आणि नीती यांविषयी पोप आपल्या पदाच्या पूर्ण अधिकाराने जो निर्णय देतील तो चुकू शकत नाही. याविरुद्धचे बंड त्याच्या साडेतीनशे वर्षे आधीच झाले होते. १५१७ साली मार्टिन ल्यूथर यांनी पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या पत्रांच्या विक्रीवर हल्ला चढविला. १५२१ साली वर्म्स येथे सम्राटासमोर त्यांनी आपली मते मागे घेण्यास नकार दिला आणि १५२२ साली बायबलचा नवा करार लोकांच्या जर्मन भाषेत आणला. इंग्रजीत तेच काम करणारे विल्यम टिंडेल यांना पाखंडी ठरवून १५३६ साली ठार मारण्यात आले. ज्ञान लोकांच्या हाती देणाऱ्याला शिक्षा होते, ही गोष्ट आपल्याला कोणी नव्याने सांगावयास नको.

ल्यूथर यांचे हे काम मोठे होते. परंतु त्यातून झाले काय? पोपचे प्रामाण्य गेले आणि ग्रंथाचे प्रामाण्य राहिले. जॉन कॅल्व्हिन यांनी तर पवित्र शास्त्र हे स्वतःच स्वतःचे प्रमाण आहे, त्याला दुसऱ्या पुराव्याची गरज नाही, असे प्रतिपादन केले. आपल्याकडे मीमांसकांनी वेदांविषयी हेच म्हटले होते. उलट दिङ्नाग आणि धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मानली. अमुक ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरून एखादी गोष्ट खरी ठरत नाही, असा त्याचा अर्थ.

आता प्रोग्रामवाल्यांकडे वळू. प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांची यादी. ती माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितात. तिला मूळ लेखन म्हणू. पुष्कळ कंपन्या हे मूळ लेखन कोणाला दाखवीत नाहीत. आम्ही सांगतो म्हणून चालवा, एवढेच त्यांचे म्हणणे. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी याविरुद्ध चळवळ उभारली. प्रोग्राम वापरणाऱ्याला तो वाचण्याचा, बदलण्याचा आणि दुसऱ्याला देण्याचा हक्क असला पाहिजे, ही त्यांची मागणी. हे गृहस्थ स्वतः देव मानीत नाहीत. परंतु विनोदाने संताचा झगा घालून सभेत उभे राहतात. १९९७ साली एरिक रेमंड यांनी एक निबंध वाचला. त्यात त्यांनी प्रोग्राम बनविण्याच्या दोन रीती सांगितल्या. एक कॅथेड्रलची : थोड्या जाणत्यांनी बंद दाराआड बांधायचे आणि पूर्ण झाल्यावर लोकांना दाखवायचे. दुसरी बाजाराची : सर्वांसमोर मांडायचे, येईल त्याला चूक काढू द्यायची. पाहणारे डोळे पुष्कळ असतील तर चूक लपत नाही, हा त्यांच्या निबंधाचा मथितार्थ. त्याआधी, १९९२ साली, इंटरनेटचे नियम आखणाऱ्या मंडळींपुढे डेव्हिड क्लार्क यांनी असे सांगितले होते की, आम्हांला राजा नको, अध्यक्ष नको, मतदानही नको. ढोबळ एकमत आणि प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम एवढेच आम्ही मानतो. धम्मवंदनेत आपण ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि स्वतः पाहा. क्लार्क यांचे म्हणणे यापासून फार दूर नाही.

या मंडळींत श्रद्धावान ख्रिस्ती नाहीत असे कोणी समजू नये. डोनाल्ड क्नूथ हे संगणकशास्त्रातील थोर ग्रंथकार ल्यूथरपंथी ख्रिस्ती आहेत. बायबलच्या अभ्यासावर त्यांचे स्वतंत्र पुस्तक आहे. परंतु आपल्या ग्रंथांतील चूक प्रथम दाखवून देणाऱ्यास त्यांनी २ डॉलर ५६ सेंट बक्षीस ठेवले. चूक दाखविणाऱ्यास बहिष्कृत करण्याऐवजी बक्षीस देणारा ग्रंथकार! आपल्या देशात ज्यांनी ग्रंथ रचले त्यांनी ही रीत पाळली असती, तर १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळण्याची वेळ आली नसती.

सॉफ्टवेअरपेक्षाही हा प्रश्न तीव्र होतो तो क्रिप्टोग्राफीत, म्हणजे मजकूर गुप्त राखण्याच्या विद्येत. गुप्त राखण्याची विद्या म्हणजे तिची रीतही गुप्त असली पाहिजे, असे कोणालाही वाटेल. परंतु १८८३ साली ऑगस्ट केरकॉफ यांनी याच्या उलट नियम सांगितला. रीत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. आपण बँकेचे व्यवहार फोनवर करतो ते याच तत्त्वावर चालतात. १९७६ साली व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी आणखी एक पाऊल टाकले. समजा, मी माझी उघडी कुलुपे गावभर वाटली. ज्याला मला काही पाठवायचे असेल त्याने पेटीला माझे कुलूप दाबून लावावे. उघडणारी किल्ली मात्र माझ्याकडेच. यात कुलूप सर्वांसाठी आहे आणि किल्ली प्रत्येकाची स्वतःची.

महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की, माझ्या शिकवणीत आतले आणि बाहेरचे असा भेद नाही. काही राखून ठेवणाऱ्या आचार्याची बंद मूठ माझ्यापाशी नाही. शिकवण सर्वांपुढे उघडी, आणि ती पटली की नाही याचा निर्णय ज्याच्या-त्याच्या मनाचा. येथे पेत्राच्या किल्ल्या कोणा एकाच्या हाती दिलेल्या नाहीत. आणि आपली किल्ली आपल्यापाशी असणे हा माणसाचा हक्कही आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले. ज्यांच्या चुलीवर काय शिजते, अंगावर काय आहे, पाणी कोठून आणले याची चौकशी सारे गाव करीत होते, त्या समाजाला या हक्काची किंमत अधिक कळावी.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की, वाटलेले कुलूप खरोखर माझेच आहे, हे पाठवणाऱ्याने कसे ओळखावे? भामट्याने माझ्या नावाने स्वतःचे कुलूप वाटले तर? यावर काढलेला उपाय म्हणजे दाखला देणाऱ्या संस्था. एक संस्था दाखला देते, तिला वरची संस्था दाखला देते. सर्वांत वर जी असते तिला दाखला कोण देणार? ती स्वतःच स्वतःला देते! कॅल्व्हिन आणि मीमांसक ज्या जागी पोहोचले त्याच जागी संगणकही पोहोचला. २०११ साली नेदरलँड्समधील डिजिनोटार या अशा संस्थेत चोर शिरले आणि पाचशेहून अधिक खोटे दाखले तयार झाले. त्यांतला एक गूगलच्या नावाचा होता. तो इराणमधील लोकांच्या पत्रव्यवहारावर पाळत ठेवण्यासाठी वापरला गेला. संस्थेवरील विश्वास उडाला आणि तिचे दिवाळे निघाले. परंतु ज्यांनी विश्वास ठेवला होता त्यांचे नुकसान होऊन गेले होते.

फिल झिमरमन यांनी दुसरी वाट दाखविली होती. वरचा अधिकारी नकोच. ओळखणाऱ्यांनी एकमेकांची साक्ष द्यावी आणि अशा साक्षींचे जाळे विणावे. अमेरिकन सरकारने निर्यातीच्या कायद्याखाली त्यांच्यामागे चौकशी लावली आणि ती १९९६ साली खटला न भरताच सोडून दिली. त्यांची कल्पना उदात्त होती. पण हे जाळे विणण्याचे कष्ट सामान्य माणसाने घेतले नाहीत, ते जाणकारांपुरतेच राहिले.

त्याहून मोठा धक्का केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात दिला. मूळ लेखनाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा एक प्रोग्राम असतो. त्यातच लबाडी पेरली तर मूळ लेखन अक्षरन् अक्षर वाचूनही ती सापडणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आणि २०१४ साली ओपनएसएसएल या सर्वांना खुल्या असलेल्या प्रोग्राममध्ये एक भयंकर चूक सापडली. ती दोन वर्षे जगासमोर उघडी पडली होती. सर्वांना पाहता येत होती, म्हणून प्रत्येकाला वाटले की दुसऱ्या कोणीतरी पाहिली असेल. उघडे असणे म्हणजे तपासलेले असणे नव्हे.

तर मग कोणावरच विश्वास ठेवू नये काय? काही प्रोग्रामवाले येथपर्यंत येऊन थांबतात आणि सर्वांवर संशय घेणे हेच शहाणपण समजतात. आपल्यातही काहीजण कालाम सुत्ताचा असाच अर्थ लावतात. तो अर्थ अपुरा आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले हे खरे. परंतु ते तेथे थांबले नाहीत. ही गोष्ट आचरली असता हित होते की अहित, सुज्ञ लोक तिची निंदा करतात की प्रशंसा, हे पाहून स्वतः जाणा आणि मग स्वीकारा, असेही त्यांनी सांगितले. म्हणजे स्वतःचा अनुभव हवा आणि सुज्ञांची संगतही हवी.

याची रीतही धम्मात सांगितलेली आहे. महापरिनिब्बान सुत्तात चार महापदेश येतात. एखादा भिक्खू म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले. दुसरा म्हणेल, संघाकडून ऐकले. तिसरा म्हणेल, अनेक स्थविरांकडून. चौथा म्हणेल, एका विद्वान स्थविराकडून. चौघांनाही नियम एकच. लगेच स्वीकारू नका, लगेच धिक्कारूही नका. ते बोल नीट समजून घ्या आणि सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहा. जुळले तर घ्या, न जुळले तर सोडा. दाखल्यावर सही कोणाची, एवढे पाहून येथे भागत नाही; खुद्द बुद्धाचे नाव सांगितले तरी ताडून पाहणे चुकत नाही. पोप आणि एकटा संशयात्मा यांच्या मधली जागा ही आहे. मिळून तपासणाऱ्या संघाची ही जागा आहे.

बाबासाहेबांनी हा फरक नेमका हेरला होता. बुद्ध आणि त्याच्या धर्माचे भवितव्य यावरील १९५० सालच्या लेखात त्यांनी बुद्धाची तुलना येशू, मुहंमद आणि कृष्ण यांच्याशी केली. येशूने आपण देवाचा पुत्र असल्याचे सांगितले. बुद्धाने माणूस म्हणूनच उपदेश केला आणि आपल्या शिकवणीला अचूकपणाचा शिक्का मारला नाही. बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, हे आपण वारंवार ऐकतो. ते ऐकून माना डोलावतो आणि घरी जाऊन फोन उघडतो. तेथे बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली एखादे वाक्य आलेले असते. ते त्यांनी कधी उच्चारले, कोठे लिहिले, हे न पाहता आपण ते पन्नासजणांना पाठवितो. वाक्य आपल्या बाजूचे असते म्हणून संशय येत नाही. भटजीच्या शब्दावर न विचारता विश्वास ठेवणे आणि या वाक्यावर न विचारता विश्वास ठेवणे, यांत मनाची सवय एकच आहे. फक्त देव्हाऱ्यातील मूर्ती बदलली.

त्यामुळे समाजाचे नुकसान होते. खोटे वाक्य उघडकीस आले की विरोधक खऱ्या वाक्यांवरही बोट ठेवतो. १९७९ सालापासून महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्यांची मराठी भाषणेही त्यांत आहेत. आपले सुत्त आणि विनय आपल्यापुढे उघडे आहेत. पण ओपनएसएसएलचा धडा लक्षात ठेवावा : दुसऱ्या कोणीतरी वाचले असेल, असे प्रत्येकाने म्हटले तर ते कोणीच वाचलेले नसते.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझी विनंती आहे. विहारात आठवड्यातून एक तास मिळून वाचनाला द्यावा. आलेले वाक्य मुलांनाच खंडात शोधावयास सांगावे. मुलाने संगणक नुसता चालवावयास शिकू नये, तो कसा चालतो हेही शिकावे. कारण ज्याला मूळ लेखन वाचता येत नाही त्याला कंपनीच्या शब्दावर अवलंबून राहावे लागते, जसे आपल्या आजोबांना पोथी वाचणाऱ्याच्या शब्दावर राहावे लागले. आणि घरात मुलाने ‘हे कशावरून?’ असे विचारले, तर त्याला गप्प बसवू नये. ज्या घरात हा प्रश्न विचारता येतो, त्या घरात धम्म आला असे समजावे.