निरवानिरव हीसुद्धा साधनाच

काशीयात्रेला निघण्यापूर्वी घरची निरवानिरव करायची, ही आपल्याकडची जुनी रीत. वाट लांबची, परत येण्याची खात्री नाही. म्हणून देणी मिटवायची, येणी सांगून ठेवायची, किल्ल्या सोपवायच्या, शेत आणि दुकान कोण पाहणार ते चारचौघांत बोलायचे आणि मगच घराबाहेर पाऊल टाकायचे. आज वाराणसीला विमानाने जाऊन तिसऱ्या दिवशी परत येता येते. यात्रा सोपी झाली, निरवानिरव मात्र मागे पडली.

घरचा व्यवसाय असलेल्या अनेक ज्येष्ठ साधकांच्या तोंडी एक वाक्य असते : "माझ्यानंतरचे देव पाहील." ऐकायला हे वैराग्याचे वाटते. पण ज्याने खरोखर मनातून सोडले आहे, त्याला ते कोणाच्या हाती द्यायचे हे सांगताना जड का जावे? "देव पाहील" म्हणत पुष्कळदा आपण शेवटपर्यंत सही स्वतःकडेच ठेवत असतो. तेव्हा त्याग आणि टाळाटाळ यांतला फरक ओळखला पाहिजे.

काशीतला मराठी धर्मशास्त्री

वाटणीचा विचार करणे हे परमार्थाला कमीपणा आणणारे आहे, असे आपल्या परंपरेने मानलेले नाही. पैठणहून काशीत जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यात सतराव्या शतकात नीलकंठभट्ट हे मोठे धर्मशास्त्री झाले. त्यांच्या 'भगवंतभास्कर' या ग्रंथाचे बारा भाग आहेत, त्यांना मयूख म्हणतात. संस्कार, आचार, श्राद्ध, दान, प्रायश्चित्त यांच्याच ओळीत 'व्यवहारमयूख' आहे. त्यात वारसा आणि वाटणी यांचा विचार केला आहे. पुढे ब्रिटिश काळात मुंबई आणि गुजरातमधल्या वारसाहक्काच्या खटल्यांत न्यायालये याच ग्रंथाला प्रमाण मानू लागली. ज्या विद्वानाने दानावर लिहिले, त्यानेच वाटणीवरही लिहिले. दोन्हींत प्रश्न एकच : आपल्या हातातले दुसऱ्याच्या हाती धर्माने कसे द्यावे?

न ठरवल्याची झळ कोणाला?

वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमात हे विषय कलमांच्या रूपात येतात. पण प्रत्येक कलमामागे माणसे असतात. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल आणि मालक अचानक गेला, तर बँकेचे खाते अडकते. जीएसटीची नोंदणी त्याच्या नावावर असते, ती वारसाला आपोआप मिळत नाही. त्याला नवी घ्यावी लागते. भागीदारी असेल आणि करारात वेगळे लिहिलेले नसेल, तर १९३२ च्या कायद्यानुसार भागीदाराच्या मृत्यूने भागीदारीच संपते. काशीच्या कुंजगल्लीतली साड्यांची गादी घ्या किंवा आपल्या तालुक्यातले खताचे दुकान घ्या. सही करणारा उरला नाही, की विणकराची मजुरी थांबते, हमालाचा पगार थांबतो. त्यांचा या घराच्या वाटणीशी काहीच संबंध नसतो, तरी पहिली झळ त्यांनाच लागते. म्हणून "माझे मी पाहीन" हे म्हणणे इथे पुरत नाही. व्यवसाय आपल्या नावावर असला, तरी तो आपल्या एकट्याचा नसतो.

होळकरांच्या घरातला धडा

काशीशी जिचे नाव कायमचे जोडले गेले, त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या घराण्यात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दिसतात. १७५४ मध्ये पती, १७६६ मध्ये सासरे आणि १७६७ मध्ये पुत्र गेला. तेव्हा त्यांनी कारभार स्वतः हाती घेतला आणि फौज तुकोजी होळकरांकडे सोपवली. दौलतीचा पैसा वेगळा आणि खासगीचा वेगळा, ही शिस्त त्यांनी पाळली. काशीविश्वेश्वराचे मंदिर, गंगेवरचा घाट आणि भारतभरचा त्यांचा दानधर्म खासगीच्या पैशातून झाला.

१७९५ मध्ये अहिल्यादेवी आणि १७९७ मध्ये तुकोजी गेले. थोरला काशीराव वारस ठरला, पण धाकट्या भावांना तो मान्य नव्हता. त्याच वर्षी मल्हारराव मारला गेला, १८०१ मध्ये विठोजीला पुण्यात ठार करण्यात आले आणि १८०२ मध्ये यशवंतरावाने पुण्यावर चाल केली. त्या वर्षअखेरीस पेशव्यांनी इंग्रजांशी वसईचा तह केला. उत्तम कारभारानंतरही असे होऊ शकते. वारसाचे नाव ठरणे पुरेसे नसते. थोरले हयात असताना ते सर्वांनी समोरासमोर मान्य केलेले असावे लागते.

दौलत गेली, संस्थान गेले. खासगीतून उभे राहिलेले घाट आणि देवळे मात्र आजही आहेत. त्यांच्या व्यवस्थेसाठी १९६२ मध्ये न्यास झाला. सार्वजनिक न्यास म्हणून त्याची नोंदणी हवी की नको, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने नोंदणी आवश्यक ठरवली. पुण्यकर्मालाही हिशेब द्यावा लागतो, तिथे दुकानाला का नसावा?

भीती आणि न्याय

"आज लिहून दिले, तर उद्या मुले विचारतील का?" ही वडीलधाऱ्यांची भीती खरी आहे, तिला हसू नये. पण मृत्युपत्र हयातीत लागू होत नाही आणि हवे तेव्हा बदलता येते. त्यावर आपली सही आणि दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही. हयातीतच मालमत्ता द्यायची असेल, तर सांभाळ करण्याची अट दस्तात लिहावी. अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. नुसते नॉमिनीचे नाव घालून काम झाले असे मात्र समजू नये. शेअर्सचा नॉमिनी हा मालक नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

न्यायाचा प्रश्न याहून अवघड आहे. एक मुलगा वीस वर्षे गल्ल्यावर बसला, दुसरा नोकरीला गेला, मुलगी सासरी गेली. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. राखीपौर्णिमेला ओवाळणी घालायची आणि पुढच्या महिन्यात हक्कसोडपत्र पुढे करायचे, यात कसला धर्म? दुसरीकडे, गल्ल्यावर बसलेल्याच्या कष्टांचे मोलही झाले पाहिजे. यावर वाट निघते : मालकी आणि कारभार वेगळे ठेवावेत. हिस्सा हक्काप्रमाणे, गादी योग्यतेप्रमाणे आणि कारभाऱ्याला त्याच्या कामाचा ठरलेला मोबदला.

विश्वस्त ठेवीचा वापर करतो, तिची वाढ करतो आणि वेळ आली की हिशेबासह परत करतो. आपण सत्संगात स्वतःला ईश्वराचे विश्वस्त म्हणवतो. मग एखाद्या रविवारी मुलगा, मुलगी, सून सर्वांना एकत्र बसवावे. काय आहे, कोणाचे देणे आहे, कोण काय पाहील, हे मोकळेपणाने बोलावे आणि जाणत्या वकिलाकडून कागदावर आणावे. त्या दिवशी थोडे रुसवेफुगवे होतील, पण ते दूर करायला आपण तिथे असू. काशीला जायचे तेव्हा जाऊच. निरवानिरव आधी व्हावी.