धीर कोणाचा, जबाब कोणाचा?

दोन मित्रांना वाटेंत साप दिसला, तर एक म्हणतो, आतांच मारूं. दुसरा म्हणतो, बीळ सांपडेपर्यंत दम धरूं. दोघेही शहाणेच. परंतु हा दृष्टान्त माणसास पुरता लागू पडत नाहीं. कारण सापाचा अपराध न्यायासनापुढें सिद्ध करावा लागत नाहीं, माणसाचा करावा लागतो. दहशतवाद्यांविरुद्ध एकत्र आलेल्या मित्रराष्ट्रांत जे वाद होतात, त्यांचें मूळ बहुधा या फरकांत असतें.

सन २००६ च्या उन्हाळ्यांत लंडनच्या पोलिसांनीं कांहीं तरुणांवर पाळत ठेवली होती. शीतपेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकें नेऊन अमेरिकेकडे व कॅनडाकडे जाणारीं विमानें आकाशांतच उडवून द्यावयाचीं, असा त्यांचा बेत असल्याचा संशय होता. विमानतळावर पाण्याची बाटली टाकून द्यावयास लावणारा नियम याच प्रकरणांतून निघाला. ब्रिटिशांस आणखी पुरावा हवा होता. अमेरिकनांस एकेक दिवस भारी वाटत होता. इतक्यांत ऑगस्टमध्यें या कटाचा दुवा मानला गेलेला राशिद रऊफ पाकिस्तानांत पकडला गेला. बातमी फुटण्यापूर्वीं हालचाल करणें ब्रिटनला भाग पडलें, आणि १० ऑगस्टच्या पहाटेपर्यंत दोन डझनांच्या सुमारास माणसें अटकेंत पडलीं. या घाईनें पुरावा गोळा करण्यांत अडथळा आला, असें लंडनच्या दहशतवादविरोधी शाखेचे तत्कालीन प्रमुख पीटर क्लार्क यांनीं २००९ सालीं लिहिलें.

न्यायालयांत काय झालें? २००८ सालीं ज्यूरीनें तिघांस खुनाच्या कटाबद्दल दोषी ठरविलें. परंतु विमानें उडविण्याचा कट तिच्यापुढें कोणाविरुद्धही शाबीत झाला नाहीं. पुढें ई-मेलचा पत्रव्यवहार पुराव्यांत आला, आणि २००९ च्या फेरखटल्यांत त्याच तिघांवर तोही आरोप सिद्ध झाला.

अमेरिकेच्या भीतीस आम्ही भ्याडपणा म्हणणार नाहीं. मृतांच्या आप्तांस 'आम्ही पुराव्यासाठीं थांबलों होतों' असें कोणतें सरकार तोंड वर करून सांगूं शकेल? पाळत ठेवणारा जो धीर धरतो, तो स्वतःच्या जिवावर नव्हे, तर ज्यांस कांहींच ठाऊक नाहीं अशा प्रवाशांच्या जिवावर धरतो. म्हणून संशयितास हवें त्या क्षणीं अडवितां येईल, तोंवरच थांबणें न्याय्य आहे. त्यापुढें खटला दुबळा राहिला तरी अटकच योग्य. उलट, अवेळीं केलेल्या अटकेनें अपराधी सुटतो, किंवा निरपराधी निष्कारण कोठडींत पडतो, हेंही विसरून चालणार नाहीं.

मग ती वेळ कोणीं ठरवावी? आमच्या मतें, ज्यास प्रवाशांच्या कुटुंबांस आणि न्यायाधीशांस, दोघांसही जबाब द्यावयाचा आहे, त्यानें. ज्याचीं माणसें धोक्यांत आहेत त्या मित्रास सर्व कांहीं कळविलें पाहिजे व त्याचें म्हणणें मनापासून ऐकलें पाहिजे; हा त्याचा हक्कच आहे. परंतु तिसऱ्याच देशांत एखादा धागा अचानक ओढला गेला, कीं निर्णय एकाचा होतो आणि जबाब दुसऱ्याच्या माथीं येतो. विश्वासानें दिलेली माहिती ही ठेव आहे. ती परस्पर खर्चणाऱ्यास पुढच्या वेळीं ठेव देतांना मित्राचा हात आंखडतो, आणि त्या आंखडलेल्या हाताची किंमत पुन्हा अजाण प्रवाशांसच मोजावी लागते.