परोक्षाचें प्रत्यक्ष

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एके संध्याकाळीं आमच्या घरची सर्व मंडळी दूरचित्रवाणीपुढें बसली होती. पडद्यावर काळ्या, धुमसणाऱ्या भूमीवरून लांब मानेचे, प्रचंड देहाचे प्राणी कळपानें चालले होते. त्यांच्या कातडीवरच्या सुरकुत्या हलत होत्या, आणि एक वृद्ध, परिचित, विश्वासार्ह आवाज शांतपणें सांगत होता कीं, ह्या माद्या अंडीं घालण्यासाठीं निघाल्या आहेत. आमची नऊ वर्षांची पुतणी बराच वेळ निश्चल बसली होती. तिनें एकाएकीं विचारलें, "काका, हे कोणी पाहिलं?" आम्हीं म्हटलें, "कोणीच नाही, बाळ. ही सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा माणूस नव्हताच." त्यावर ती म्हणाली, "मग ते आजोबा पाहिल्यासारखं का सांगतात?"

हा प्रश्न त्या वेळीं हसण्यावारी नेतां आला. परंतु ज्यांचें बहुतेक आयुष्य तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकविण्यांत गेलें आहे, त्यांस तो तसाच सोडून देतां येत नाहीं. जें पाहिलें नाहीं तें पाहिल्यासारखें सांगणें यांत दोष आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोठें आहे, याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ज्या मालिकेंतील हा प्रसंग आहे ती 'प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट' कोणा बाजारी मनोरंजनकाराची कृति नव्हे. बीबीसीच्या निसर्गपट-विभागानें ती ॲपल टीव्ही प्लससाठीं निर्माण केली. तिचा पहिला संच २०२२ च्या व दुसरा २०२३ च्या मे महिन्यांत प्रसिद्ध झाला. डॅरेन नेश या पुराजीवशास्त्रज्ञाचा सल्ला तीस लाभला, आणि निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांनीं केलें. वरील प्रसंगांतील प्राण्यास इसिसॉरस म्हणतात, आणि महाराष्ट्राशीं त्याचें नातें जवळचें आहे. त्याचीं हाडें चंद्रपूर जिल्ह्यांतील डोंगरगांव येथें, लमेटा नांवाच्या थरांत सांपडलीं. १९९७ सालीं जैन व बंद्योपाध्याय या शास्त्रज्ञांनीं त्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि २००३ सालीं कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्या प्राण्यास सध्यांचें नांव मिळालें. ज्या लाव्हाच्या प्रदेशांतून तो चालतांना दाखविला आहे, तोच लाव्हा थिजून आपला दख्खनचा काळा कातळ झाला. वेरूळचें कैलास लेणें त्यांतच कोरलेलें आहे.

आतां त्या चित्रांतील किती भाग ज्ञात आहे तें पाहूं. डोंगरगांवच्या सांगाड्यांत मानेचे, पाठीचे व शेपटीचे मणके आहेत, खांद्याचीं व कमरेचीं हाडें आहेत, पुढचा एक पाय आहे. कवटी नाहीं, मागचे पाय नाहींत. म्हणजे पडद्यावरील मादीनें ज्या डोळ्यांनीं आमच्या पुतणीकडे पाहिलें, ते डोळे ज्या डोक्यांत होते तें डोकें दूरच्या नातलग प्राण्यांवरून घेतलेलें आहे. अंडीं घालण्याची गोष्ट मात्र निराधार नव्हे. मध्य प्रदेशांतील धार जिल्ह्यांत त्याच लमेटा थरांत टायटॅनोसॉर वर्गाच्या प्राण्यांचीं ९२ घरटीं व २५६ अंडीं आढळल्याचें २०२३ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालें. पण त्या माद्या असा कळप करून, अशा धुमसत्या वाटेनें गेल्या, हें कोणत्याही दगडावर लिहिलेलें नाहीं. अशा रीतीनें एकाच चौकटींत तीन प्रकारच्या गोष्टी शेजारीं शेजारीं उभ्या आहेत: जी हातांत घेतां येते ती, जी तिच्यावरून सिद्ध करतां येते ती, आणि जी केवळ संभवनीय आहे ती. डोळ्यांस मात्र त्या तिन्ही सारख्याच दिसतात.

आमच्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं साधनें चार मानलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला असावा असें जें आपण ताडतों, त्यास ते शेषवत् अनुमान म्हणतात. तें कार्यावरून कारणाकडे जातें. हाडावरून प्राण्याकडे जाणें हें त्याच जातीचें आहे, आणि त्यांत हीन असें कांहींच नाहीं. किंबहुना या अनुमानानें आमच्या डोळ्यांदेखत जी मजल मारली ती थक्क करणारी आहे. चीनमधील लियाओनिंग प्रांतांत सांपडलेल्या सायनोसॉरोप्टेरिक्स या लहानशा डायनोसॉरच्या पिसांसारख्या तंतूंत रंगद्रव्याच्या सूक्ष्म कणांचे अवशेष ओळखतां आले, आणि त्याच्या शेपटीवर तांबूस व फिकट पट्टे होते असें २०१० सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें. सुमारें बारा कोटी वर्षांपूर्वींच्या शेपटीचा रंग! असें अनुमान प्रत्यक्षाच्या ओसरीवर जाऊन पोंचतें. पण याच मालिकेच्या पहिल्या संचांत ड्रेडनॉटस नामक महाकाय प्राण्यांचे नर मानेवरचे फुगे फुगवून एकमेकांस आव्हान देतात. अशा प्राण्यांच्या मणक्यांत हवेच्या पिशव्यांच्या खुणा असतात हें खरें. परंतु मानेवर असे फुगे फुगत होते असें सांगणारें एकही हाड नाहीं. आजच्या कांहीं पक्ष्यांवरून ती कल्पना सुचलेली आहे. पहिलें बळकट अनुमान, दुसरें रम्य उपमान. दोन्हींचा वेष मात्र एकच, आणि तो प्रत्यक्षाचा.

यावर कोणी म्हणेल कीं, यांत फसवणूक कोठें आहे? डायनोसॉरांच्या काळीं छायाचित्रकार नव्हता हें शाळेंतल्या पोरालाही ठाऊक असतें. राजाचें सोंग घेणाऱ्या नटास कोणी तोतया म्हणत नाहीं. मग संगणकानें रचलेल्या प्राण्यास खोटा कां म्हणावें? याचें उत्तर असें कीं, नाटक आपण नाटक असल्याचें सांगून सुरू होतें. सूत्रधार, पडदा, रंगलेले चेहरे हे सर्व त्याची ग्वाही देतात. निसर्गपटाची परंपरा नेमकी उलट आहे. त्याचें सारें बळ 'आम्ही तेथें होतों' या एका अलिखित प्रतिज्ञेवर उभें आहे. १९७९ सालच्या 'लाइफ ऑन अर्थ' या मालिकेंत ॲटनबरो रवांडाच्या अरण्यांत गोरिलांच्या सान्निध्यांत बसलेले जगानें पाहिले. त्या वेळीं तो आवाज नैयायिकांच्या अर्थानें आप्ताचा होता. ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे आणि जो ती जाणली तशीच सांगूं इच्छितो, तो आप्त. त्याच आवाजांत, त्याच संथ स्वरांत, त्याच वर्तमानकाळांत जेव्हां इसिसॉरसची हकीकत सांगितली जाते, तेव्हां रवांडांत मिळविलेली पुण्याई डोंगरगांवच्या अनुमानाच्या खात्यावर जमा होते. चित्र रचणारेही तेंच करतात. दूरच्या भिंगानें टिपल्याप्रमाणें पार्श्वभूमि अंधुक ठेवतात, चौकट किंचित थरथरूं देतात. हे सर्व वस्तुतः छायाचित्रणाचे दोष आहेत. ते मुद्दाम आणावे लागतात, कारण साक्षीदार खरा वाटतो तो बऱ्याचदां त्याच्या अडखळण्यामुळेंच.

त्या प्रतिज्ञेचें मोल किती, हें २०११ सालीं दिसून आलें. 'फ्रोझन प्लॅनेट' या मालिकेंतील ध्रुवीय अस्वलाच्या नवजात पिलांचें दृश्य उत्तर ध्रुवाकडील बर्फांतलें म्हणून लोकांनीं पाहिलें होतें. तें एका युरोपीय प्राणिसंग्रहालयांत घेतलेलें आहे हें कळल्यावर ब्रिटनमध्यें मोठा गदारोळ झाला. अस्वल खरें, पिलें खरीं; केवळ स्थळ निराळें. तेवढ्यानें प्रेक्षक दुखावले. जेथें सर्वच निर्मित आहे तेथें मात्र कोणी दुखावत नाहीं. याचा अर्थ तेथें कोणाची फसगत होत नाहीं असा नव्हे, तर ती कोठें होते हें दिसत नाहीं असा आहे. छायाचित्रकार नव्हता हें आपण जाणतों. पण कोणती रेषा हाडाची व कोणती मनाची, हें आपण जाणत नाहीं, आणि त्या अज्ञानाची जाणीवही आपणांस होऊं दिली जात नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गतकाळाचें कोणतेंही चित्र कल्पनेवांचून होत नाहीं, आणि कल्पना चुकते. १८५४ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेस उद्यानांत वॉटरहाउस हॉकिन्स यानें रिचर्ड ओवेन याच्या सल्ल्यानें जे पुतळे उभारले, त्यांतील इग्वानोडॉनच्या नाकावर शिंग आहे. पुढें १८७८ सालीं बेल्जममधील बेर्निसार येथें त्या प्राण्याचे अनेक सांगाडे मिळाले, आणि तें शिंग नसून अंगठ्याचा कांटा आहे हें ठरलें. पुतळे आजही शिंगासह उभे आहेत, आणि हॉकिन्सला कोणी असत्यवादी म्हणत नाहीं. मग आजच्या चित्रकारांवरच आक्षेप कां?

चुकणें हा नीतीचा दोष नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. परंतु पुतळा पाहणाऱ्यास सतत सांगत असतो कीं, मी कोणाच्या तरी हातचा आहें. हलतें चित्र तसें सांगत नाहीं. १९९९ सालीं बीबीसीच्या 'वॉकिंग विथ डायनोसॉर्स' या मालिकेंत लिओप्लुरोडॉन हा समुद्रचर सरीसृप २५ मीटर लांबीचा दाखविला होता. उपलब्ध अवशेषांवरून तो त्याच्या निम्म्याहूनही लहान असल्याचें दिसतें. ही चूक पुढें अनेकांनीं लिहून दाखविली. पण तसें लिहिलेलें वाचणारे थोडे, आणि एकदां पाहिलेलें विसरणारे त्याहून थोडे. ऐकलेल्या चुकीची दुरुस्ती ऐकून होते. पाहिलेल्या चुकीची दुरुस्ती ऐकून होणें कठीण.

भाषेनें हा धोका फार पूर्वीं ओळखला होता. बोलणाऱ्यानें स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठीं पाणिनीनें लिट् हा निराळा लकार सांगितला आहे. परोक्षासाठीं तो राखून ठेवला आहे. मराठीनें तो लकार टाकला, पण त्यामागचा विवेक टाकला नाहीं. आमची आजी गोष्ट सांगतांना 'एक राजा होता म्हणे' असें म्हणत असे. त्या 'म्हणे'नें गोष्टीची गोडी रतिभरही कमी होत नसे, आणि तरी सांगणारीचें सत्य अभंग राही: मीं पाहिलें नाहीं, ऐकलें तें सांगतें आहें. चित्राला लकार नसतो. चित्राला 'म्हणे' म्हणतां येत नाहीं. तें जें दाखवितें तें 'आहे' असेंच दाखवितें. म्हणून जो चित्रानें परोक्ष सांगूं पाहतो, त्याच्यावर शब्दानें सांगणाऱ्याहून अधिक जबाबदारी येते. चित्रांत नसलेला 'म्हणे' त्यानें दुसऱ्या कोणत्या तरी मार्गानें पुरविला पाहिजे.

ही केवळ शास्त्रीय कांटेकोरपणाची बाब असती तर आम्हीं एवढी शाई खर्च केली नसती. मध्यंतरीं वर्गांत आम्हीं १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांतील एक छायाचित्र दाखविलें. हाडांचे सांपळे झालेलीं माणसें त्यांत बसलेलीं आहेत. मागच्या बाकावरील एक हुशार मुलगा उठून म्हणाला, "सर, हे बनवलेलं नसेल कशावरून?" तो उद्धट नव्हता. चार शब्द लिहून हवें तें चित्र उभें करतां येतें अशा काळांत तो वाढला आहे, आणि त्यानें शिकवण घेतली ती ही. त्या माणसांची उपासमार खरी होती. त्यांचीं नांवें उरलीं नाहींत. उरली ती ही एक साक्ष, आणि तीही आमच्या देखत एका वाक्यांत उडून गेली. डायनोसॉरांच्या चित्रकारांनीं हें केलें असें आम्ही म्हणत नाहीं. पण प्रत्यक्षाचा वेष सर्वांस सारखाच मिळूं लागला कीं प्रथम खोट्यावर विश्वास बसतो, आणि पुढें खऱ्यावरचा उडतो. जे या कलेंत सर्वांत प्रामाणिक व सर्वांत समर्थ आहेत त्यांनींच ही सीमारेषा पुसावी, याचें आम्हांस अधिक वाईट वाटतें.

मग काय करावें? वरील मालिकेबरोबर कांहीं छोट्या पुरवण्या दिलेल्या आहेत, आणि कोणती गोष्ट कशावरून ताडली हें त्यांत शास्त्रज्ञ सांगतात. हा प्रयत्न स्तुत्य आहे. पण तो मूळ कथेच्या बाहेर ठेवलेला आहे, आणि ज्यास जिज्ञासा आहे त्यानेंच तो शोधावयाचा. आमच्या मतें त्याची जागा आंत आहे. निवेदकानें 'असावें', 'संभवतें' हे साधे शब्द उच्चारण्यास कचरूं नये. हाडें जेथें संपतात तेथें क्षणभर सांगाडा दिसावा. यानें कांहींसा रसभंग होईल, हें आम्ही नाकारीत नाहीं. रस ही क्षुद्र वस्तु नव्हे. आमच्या लहानपणच्या पुस्तकांतील निर्जीव ओळींनीं जें आश्चर्य कधींच जागें केलें नाहीं, तें या चित्रांनीं एका संध्याकाळींत जागें केलें. परंतु सत्य सांगितल्यानें आश्चर्य मरतें, ही समजूत आम्हांस पारखून घ्यावीशी वाटली.

म्हणून दुसऱ्या दिवशीं आम्हीं पुतणीस डोंगरगांवची हकीकत सांगितली. कोणतीं हाडें मिळालीं तें सांगितलें, आणि डोकें मिळालेलें नाहीं, पडद्यावरचें डोकें अंदाजानें बसविलेलें आहे, हेंही सांगितलें. तिचा हिरमोड होईल अशी आमची अटकळ होती. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे डोकं अजून तिथंच असेल, मातीत?" आम्हीं म्हटलें, "असेलही." त्या दिवसापासून चंद्रपूरला केव्हां जावयाचें, हा तिचा धोशा चालू आहे. आदल्या संध्याकाळीं पडद्यावर तें डोकें इतकें पूर्ण, इतकें जिवंत होतें कीं, तें शोधावयाचें राहिलें आहे ही गोष्ट तिच्या मनांत येण्यास जागाच नव्हती.